सातव्या ओळीखालचा बाण

१

लोल्वे शाळेतली आकेलो बुधवारी सकाळी गेली. नऊ वर्षांची होती. तिच्या शाळेतली आणखी एकोणीस मुलं दवाखान्यात जमिनीवर टाकलेल्या गाद्यांवर पडून होती. उलट्या थांबत नव्हत्या. आणि गुरुवारी सकाळी आमच्या पाणी संस्थेच्या चेअरमननी मला फोन केला तो कशासाठी, तर संस्थेच्या वेबसाइटवर एक भलतीच खूण उमटली आहे, हे सांगायला.

"म्वालिमु, उद्या आरोग्य खात्याचे लोक येतायत," ओल्वेनी म्हणाले. "पाण्याचं पान उघडलं की मध्येच एक बाण दिसतो. शोभतं का हे? लगेच या आणि तेवढं पुसून टाका."

"चेअरमनसाहेब, पोर गेलीय गावातली."

"म्हणून तर! उद्या त्यांनी पान बघितलं तर म्हणतील, यांना साधं पान सांभाळता येत नाही, पाणी काय सांभाळणार?"

मी फोन ठेवला. बोलले असते तर शिवी गेली असती तोंडातून.

म्वालिमु म्हणजे मास्तरीण. माझं नाव दोर्का आपोंडी. मी तंत्रशाळेत कॉम्प्युटर शिकवते. सहा वर्षांपूर्वी ते पान मीच बनवलं होतं. रागेन्या गावाला अकरा ठिकाणांहून पाणी मिळतं. दर शनिवारी सगळीकडचं पाणी तपासतात आणि निकाल पानावर चढवतात. एका ठिकाणाची एक ओळ. हिरवी ओळ म्हणजे प्या, लाल म्हणजे तोंडाला लावू नका. सोमवारी सकाळी अर्धं गाव फोनवर ते पान उघडतं आणि मगच हंडे भरायला निघतं.

संस्थेत पोचले तर चेअरमन ओल्वेनी येरझारा घालत होते आणि सेक्रेटरी ओग्वेनो खुर्चीत शांत बसले होते. साठीचे गृहस्थ, चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे. मी लहान असल्यापासून त्यांना जादुओंग म्हणते. वडीलधाऱ्याला आम्ही तसंच म्हणतो. त्यांनी उठून मला चहा दिला. समोर भिंतीवर ताजी नोटीस होती : टायपिस्ट फिलिस्टर आवुओर हिला निष्काळजीपणाबद्दल कामावरून दूर केलं आहे.

"नोटीस मलाच टाइप करावी लागली," ओग्वेनो खिन्नपणे म्हणाले. "मिशनच्या शाळेत टायपिंगचं पहिलं बक्षीस होतं माझं. ते आता या कामाला येतंय."

"आणि वर ती म्हणते, मी लाल लिहिलं होतं!" चेअरमन उसळले. "हे बघा, हिरवंय का लाल? शाळेची स्वैपाकीण तिची मावशी आहे ना, म्हणून पाण्यावर ढकलतेय. त्या बाईनं शिळी ओमेना मासळी घातली पोरांना. सगळं गाव तेच म्हणतंय."

गाव म्हणत होतं, हे खरं. कॉन्सोलाटाच्या पत्र्यावर आदल्या दिवशी दगड पडले होते आणि पोलिसांनी तिला चौकीत नेऊन बसवलं होतं.

मी पान उघडलं. सातवी ओळ हिरवीगार होती : लोल्वे शाळेचा बोअर. पिण्यास योग्य. नमुना शनिवारचा. आणि तिच्या खाली, काहीही संबंध नसताना, एकटीच खूण :

-->

मग त्या पानाची मूळ फाइल उघडली. पान लोकांना दिसतं ते वेगळं आणि त्यामागचं एचटीएमएल, म्हणजे पान कसं दिसावं हे मशीनला सांगणारा मजकूर, ते वेगळं. फाइलमधल्या सातव्या ओळीत वाक्यांच्या मध्ये जागा जरा जास्त सुटली होती. घाईत लिहिलं असेल म्हणून मी पुढे गेले. त्या बाणाकडे मात्र बघत राहिले.

"झालं का पुसून?" चेअरमन म्हणाले.

"या खुणेला जोडीदार असतो," मी म्हटलं. "फाइलमधला काही मजकूर लोकांना दिसू द्यायचा नसेल तर त्याच्या आधी <!-- अशी खूण करायची आणि शेवटी हा बाण. मधलं सगळं झाकलं जातं. खूणही दिसत नाही, बाणही दिसत नाही. मी शिकवताना याला झाकण म्हणते. इथे झाकणाचा शेवट आहे, सुरुवात नाहीये."

"म्हणजे चूकच ना?"

"म्हणजे या ओळीच्या जागी कुणीतरी काहीतरी झाकलं होतं, आणि नंतर पुरतं साफ करायला विसरलं."

मी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि उठले.

"अहो, बाण!" चेअरमन ओरडले.

"बाण राहील तिथेच. कुणी हात लावला तर मी इथून सरळ चौकीत जाईन."

२

आवुओर अंगणात दगडावर कपडे आपटत होती. आपटणं कपड्यांसाठी नव्हतं, हे लांबूनच कळत होतं.

"आलात? बाण पुसायला बोलावलं असेल तुम्हाला."

"बोलावलं. मी नाही पुसला."

तिच्या हातातला कपडा थांबला. सव्वीस वर्षांची पोर, डोळे रडून नव्हे, रागानं लाल झालेले.

"शनिवारी काय लिहिलंस तू?"

"लाल! किती जणांना सांगू? पाणी तपासणाऱ्या आबुतोनं चिठ्ठी दिली. लोल्वे शाळा, लाल. मी लाल लिहिलं, माझ्याच फोनवर उघडून बघितलं, लाल दिसलं, आणि घरी आले. चिठ्ठी फाइलला लावली होती. आता म्हणतात, चिठ्ठी नाहीच. म्वालिमु, कॉन्सोलाटा माझी मावशी आहे म्हणून पाण्याचा रंग बदलतो का?"

"सोमवारी नाही बघितलंस?"

"सोमवार-मंगळवार मला टेकडीपलीकडे पाठवलं होतं, मीटर वाचायला. तिथे कुठली रेंज? पत्रावर चेअरमनची सही होती. मीटर वाचणं माझं काम आहे का?"

"ऑफिसच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"तिघांकडे. चेअरमन, सेक्रेटरी आणि आबुतो. कॉम्प्युटरचा पासवर्ड ड्रॉवरला चिकटवलाय, तो तर झाडूवालीलाही माहीत."

मी विचारायचं म्हणून विचारलं, "झाकण तू नाही ना लावलंस?"

ती एवढी भडकली की कपडा चिखलात पडला. "मी? आणि असं वेड्यासारखं? लाल ओळीवर असं झाकण लावताच येत नाही. आत आमची चिठ्ठी असते ना!"

"कसली चिठ्ठी?"

"तुम्हाला नाही माहीत. आबुतोचं आणि माझं ठरलंय, दोन वर्षं झाली. ओळ लाल असली की त्या ओळीच्या शेवटी मी एक छोटी नोंद झाकून ठेवते : बाटलीचा नंबर आणि तपासणीची वेळ. लोकांना दिसत नाही, नंतर कुणी भांडायला आलं तर आम्हाला सापडते. हिरव्या ओळीत नसते, तिथे कोण भांडणार?"

मी तिथेच दगडावर बसले. मशीन मठ्ठ असतं. झाकण उघडलं की पुढे जो पहिला बाण भेटेल तिथे ते झाकण बंद करून मोकळं होतं. तो कुणाचा बाण, हे त्याला कळत नाही. आत आधीच एक झाकलेली नोंद असेल आणि कुणी त्या सगळ्यावर दुसरं झाकण घातलं, तर आतल्या नोंदीच्या बाणावरच झाकण संपतं. बाहेरचा बाण उरतो, आणि तो पानावर उघडा पडतो.

"लाल ओळ झाकली तरच बाण बाहेर पडेल," मी म्हटलं. "हिरवी झाकली तर नाही पडणार."

आवुओरनं चिखलातला कपडा उचलला. मग हळू म्हणाली, "पण आता तिथे हिरवी ओळ आहे. ते म्हणतील, तीच होती पहिल्यापासून."

"म्हणतीलच. सोमवारी पान कसं दिसत होतं, हे कुणी सांगेल?"

"मावशी. दर सोमवारी पान बघितल्याशिवाय ती पातेलं भरत नाही." तिनं कपडा पुन्हा दगडावर आपटला. "आणि तिचं कोण ऐकणार?"

३

चौकीतल्या बाकावर कॉन्सोलाटा ताठ बसली होती. पन्नाशीची बाई, हातावर चुलीचे जुने डाग. हवालदारानं मला दहा मिनिटं दिली. तीही, त्याच्या मुलीला मी शिकवलं होतं म्हणून.

"मला विचारू नकोस मी काय शिजवलं," ती म्हणाली. "सतरा वर्षं त्या शाळेत मक्याची उगाली आणि भाजी करतेय. ओमेना त्याच दिवशी बाजारातून आणली. माझ्या घरच्यांनी तीच खाल्ली. माझ्या घरात कुणाला काय झालं?"

"घरी पाणी कुठलं?"

"तळ्याकडचं, बाजारातल्या नळाचं. शाळेचं नाही." ती थांबली. तिला स्वतःलाच ते तेव्हा जाणवलं असावं. "अगं देवा. शाळेचं पाणी फक्त शाळेतल्यांनीच प्यालं."

"सोमवारी पान बघितलंस?"

"बघितलं. आमच्या शाळेचं नावच नव्हतं त्यात."

"हिरवं नव्हतं?"

"हिरवं नाही, लाल नाही, नावच नाही. मला वाटलं राहून गेलं असेल. गेल्या आठवड्यात हिरवं होतं, आता लाल असतं तर लिहिलंच असतं की! आणि नवाकोरा बोअर. गुरुवारी उद्घाटन, पाटीवर कापड गुंडाळून ठेवलेलं." ती रडली नाही, तिनं मूठ बाकावर आपटली. "विचारायला हवं होतं मी. पातेलं भरायच्या आधी विचारायला हवं होतं."

"फोन कुठाय तुझा?"

फोन हवालदाराच्या कपाटात, चौकीत आणलेल्या वस्तूंच्या पाकिटात होता. काच तडकलेली. हवालदार आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, माझ्यासमोर बघा. कॉन्सोलाटानं सोमवारी शेवटचा डेटा संपवला होता आणि नंतर टाकलाच नव्हता. त्यामुळे पान पुन्हा लोड झालंच नव्हतं. सोमवारी सकाळी बघितलं तसंच ते उघडलं.

मी बोटानं मोजलं. दहा नावं. लोल्वे शाळा नाही.

सहाव्या नावाच्या आणि बाजारातल्या नळाच्या मध्ये, जिथे शाळेची ओळ असायला हवी होती, तिथे तोच बाण होता.

"हे काय आहे?" हवालदारानं विचारलं.

"ओळ गायब आणि बाण दिसतोय, दोन्ही एकाच वेळी," मी म्हटलं. "म्हणजे सोमवारी तिथे झाकणाखाली लाल ओळ होती. साहेब, हा फोन हातातून सोडू नका. डेटा टाकू नका, उघडू नका. या बाईचं आयुष्य आहे त्यात."

त्यानं नव्या पाकिटात फोन घातला, वर माझी सही घेतली, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्वालिमु, एक सांगू? उद्या बोअरचं पाणी तपासतील. ते स्वच्छ निघालं तर तुमच्या बाणाला कोण विचारतंय?"

"स्वच्छ कसं निघेल?"

"काल दुपारी संस्थेच्या माणसानं बोअरमध्ये काहीतरी ओतलं म्हणे. वास येत होता. पोरांनी बघितलं."

४

आबुतो पंपाच्या शेडमध्ये सापडला. क्लोरीनचे दोन रिकामे डबे कोपऱ्यात उलटे पडले होते. मला बघून तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, जणू त्याच्या काटकुळ्या पायांमागे ते लपणार होते.

"ओमेरा," मी म्हटलं, कारण भाऊ म्हटल्यावर माणूस निदान शरमतो. "कुणी सांगितलं ओतायला?"

"खबरदारी म्हणून ओततात. आजार आला की ओततात."

"शनिवारी चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

"चिठ्ठी ऑफिसात असेल."

"ऑफिसात नाही. मी तुला विचारतेय. तुझ्या डोळ्यांनी बाटली बघितलीस तू."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझा आवाज शेडच्या पत्र्यावर आदळत होता, ते मला नंतर कळलं.

"एक पोर पुरली काल! स्वैपाकीण चौकीत, टायपिस्ट घरी, आणि तू इथे डबे लपवतोस? तुझ्या लाल चिठ्ठीत बाटलीचा नंबर असतो, आवुओरनं सांगितलंय मला. सोमवारचं पान सापडलंय. ती ओळ लाल होती हे मला कळलंय, तुझ्यावाचून कळलंय. आता फक्त एवढंच बघायचंय की तू कुणाच्या बाजूनं उभा राहतोस."

त्यानं एक डबा पुढे ओढला आणि त्यावर बसला.

"लाल होती," तो म्हणाला. "जागाच चुकीची होती, म्वालिमु. वरच्या अंगाला शाळेचे संडास. मागच्या आठवड्यात पाऊस झाला आणि खड्डे भरून वाहिले. बोअर खणतानाच मी म्हटलं होतं, खाली नको. माझं कोण ऐकतं? माझी नोकरी दर सहा महिन्यांनी नवी करतात."

"शाळेत जाऊन सांगायचं होतंस."

"मी चिठ्ठी दिली. चिठ्ठी देणं माझं काम."

"आणि क्लोरीन?"

"मला वरून हुकूम आला."

"कुणाचा?"

"चेअरमननी फोन केला." मग, थांबून, "पण मागे सेक्रेटरींचा आवाज येत होता. ते सांगत होते आणि चेअरमन बोलत होते."

मी ऑफिसकडे निघाले. सगळं चेअरमनकडे बोट दाखवत होतं. आवुओरला टेकडीवर पाठवल्याच्या पत्रावर त्यांची सही, हुकूम त्यांचा, उद्घाटनाची घाई त्यांची. पण एक गोष्ट बसत नव्हती. ओल्वेनींना टाइप करता येत नाही. साधा मेसेजही ते फोनमध्ये ओरडून पाठवतात. चार वर्षांपूर्वी मी संस्थेत शिकवायला गेले, तेव्हा ते फोटोपुरते आले आणि निघून गेले. झाकण कसं लावायचं हे तिघं शिकले होते : आवुओर, आबुतो आणि ओग्वेनो. मीच म्हटलं होतं त्यांना, काही काढायचं असेल तर खोडू नका, झाकून ठेवा. त्या वाक्याचा मला त्या वाटेवर एवढा संताप आला, की एका बाईनं मला हाक मारली आणि मी तिच्या अंगावर खेकसले.

ओळीच्या आत नोंद असते, हे आवुओर आणि आबुतो दोघांनाच ठाऊक होतं. त्यांच्यापैकी कुणी झाकलं असतं तर आधी नोंद काढली असती. बाण उघडा पडलाच नसता.

ऑफिसच्या दारात मी थांबले. समोर भिंतीवरची ती नोटीस होती. मी ती पुन्हा वाचली, यावेळी शब्द नव्हे, शब्दांमधली जागा. प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन रिकामी घरं सुटली होती. प्रत्येक.

पेन ड्राइव्हवरची फाइल माझ्या खिशात होती. आत शिरायच्या आधी मी हवालदाराला फोन लावला.

५

चेअरमन, सेक्रेटरी, आबुतो, दारात उभी आवुओर आणि भिंतीला टेकलेला हवालदार. मी कॉम्प्युटरसमोर बसले.

"बाण पुसायला आलात ना?" चेअरमन म्हणाले, पण आवाजात सकाळचा जोर नव्हता.

मी सोमवारच्या पानाची गोष्ट सांगितली. दहा नावं, मध्ये बाण. लाल ओळीतली झाकलेली नोंद. पहिल्या बाणावर बंद होणारं झाकण. आबुतोकडे सगळ्यांनी बघितलं. त्यानं मान खाली घालूनच सांगितलं, "लाल होती. बाटली नंबर सात."

"मग या आवुओरनंच..." चेअरमन सुरू झाले.

"तिला आत नोंद आहे हे माहीत होतं, चेअरमनसाहेब. ती स्वतःच लिहिते. झाकणारा माणूस तो, ज्याला झाकायचं कसं ते येतं, पण आत काय आहे ते माहीत नाही. मी शिकवलेल्या तिघांतला एकच उरतो."

ओग्वेनो चहा ढवळत होते. चमचा थांबला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "झाकण लावायला काय, आजकाल कुणीही फोनवर वाचून शिकतं."

"शिकतं, जादुओंग. म्हणून आणखी एक बघू." मी फाइल उघडली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "बाकी दहा ओळी आवुओरच्या. पूर्णविरामानंतर एक घर. या ओळीत दोन. पानावर हे कुणाला दिसत नाही, कारण कितीही घरं सोडली तरी मशीन एकच दाखवतं. फाइलमध्ये मात्र दिसतं. आवुओरनं जन्मात टाइपरायटर बघितलेला नाही. आबुतोनंही नाही. पूर्णविरामानंतर दोन घरं सोडायला मिशनच्या शाळेत शिकवायचे. भिंतीवरच्या नोटिशीत बघा. बोटांना लागलेली सवय आहे, ती झाकता येत नाही."

हवालदार भिंतीकडे गेला आणि नोटिशीला नाक लावून उभा राहिला. 

"मी खोटं नव्हतं लिहिलं," शेवटी ओग्वेनो म्हणाले. त्यांचा आवाज प्रार्थनेतल्यासारखाच शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला चीड आली. "रविवारी चर्चनंतर आलो. नुसतं झाकलं. चार दिवसांपुरतं. गुरुवारी उद्घाटन झालं की शुक्रवारी उघडणार होतो, बोअर बंद करून साफ करणार होतो. पाटीवर माझ्या आईचं नाव आहे. मरीता आबोंगो. आयुष्यभर तळ्यावरून डोक्यावर पाणी आणलं तिनं. लाल रंगावर तिचं नाव लागू द्यायचं का मी?"

"आणि आवुओरला टेकडीवर?"

"पत्र मी टाइप केलं. यांनी न वाचता सही केली. हे सगळ्यावरच न वाचता सही करतात."

चेअरमनचं तोंड उघडं पडलं.

"चार दिवस झाकलंत, ते धरलं," मी म्हटलं. "बुधवारी काय केलंत? आकेलो सकाळी गेली. तुम्हाला कळलं का गेली ते. ती ओळ तुम्हीच झाकली होती. एकोणीस पोरं तडफडत होती, डॉक्टर विचारत होते काय खाल्लं, काय प्याले. तुम्ही दवाखान्यात गेला नाहीत. इथे आलात. लाल ओळ उपटलीत आणि तिथे हिरवी लिहिलीत. चिठ्ठी काढलीत. बोअरमध्ये क्लोरीन ओतायला लावलंत. आणि एका बाईच्या पत्र्यावर दगड पडताना तुम्ही इथे बसून पहिल्या बक्षिसाचं टायपिंग केलंत. तेही झाकणंच का?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "घाबरलो," एवढंच म्हणाले.

"घाबरली होती माझी मावशी!" आवुओर दारातून ओरडली. "तुम्ही चहा पीत होतात!"

ती पुढे आली आणि त्यांच्या हातातला कप तिनं काढून घेतला. फेकला नाही. टेबलावर ठेवला. का कोण जाणे, ते फेकण्यापेक्षा वाईट वाटलं. हवालदार पुढे झाला आणि म्हातारा उठला. जाताना त्यांनी आपली टोपी शोधली. ती डोक्यावरच होती.

चेअरमन कपाळाचा घाम पुसत माझ्याजवळ आले. "म्वालिमु, जे झालं ते झालं. माणूस सापडला. आता उद्याच्या लोकांपुढे संस्थेची अब्रू... पान तेवढं नीट करून देता का?"

"देते की," मी म्हटलं.

शाळेची ओळ मी लाल केली आणि सातव्या जागेवरून सगळ्यात वर आणली. खाली लिहिलं : ही ओळ शनिवारी लाल होती. रविवारी सेक्रेटरींनी ती लपवली. बुधवारी ती हिरवी केली. स्वैपाकिणीचा यात दोष नाही. हे पाणी पिऊ नका. मग ते पान चढवलं आणि उठून खुर्ची आवुओरकडे सरकवली. चेअरमन ओरडत राहिले. ती बसली.

६

दवाखान्यातल्या डॉक्टरांना आम्ही त्याच संध्याकाळी शाळेच्या पाण्याचं आणि आबुतोच्या बाटलीचं सगळं सांगितलं. औषध बदललं. एकोणिसातली एकोणीस वाचली, त्यातल्या दोघांना अजून नीट चालता येत नाही.

कॉन्सोलाटा सुटली. ज्यांनी दगड मारले होते त्यांतले तिघं पत्रा दुरुस्त करायला आले. तिनं त्यांना शिडी दिली, पाणी दिलं नाही. "तुमचं तुम्ही आणा," म्हणाली. शाळेत ती पुन्हा शिजवते. पाणी बाजारातल्या नळावरून येतं, आणि प्रत्येक हंडा ती स्वतः उकळते.

ओग्वेनोंचा खटला चालू आहे. ओल्वेनी अजून चेअरमनच आहेत. मला विचाराल तर गावाची लाज वाटावी अशी ती गोष्ट आहे. आबुतोनं नोकरी सोडली. बोअरला कुलूप आहे, आणि पाटीवरचं कापड कुणी काढलं नाही.

आकेलोच्या आईला, मिन आकेलोला, वाचता येत नाही. कुणीही बोलावलं नसताना त्यानंतरच्या सोमवारी ती ऑफिसात आली, आवुओरच्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वाच."

आवुओरनं अकराही ओळी वाचल्या. नाव, रंग, तारीख. मिन आकेलो एकेका ओळीला मान हलवत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "एवढंच? आणखी काही नाही ना त्यात?"

"नाही," आवुओर म्हणाली.

ती निघून गेली. पुढच्या सोमवारी परत आली. आता दर सोमवारी सकाळी येते. ती आत आली की चेअरमननासुद्धा उठून उभं राहावं लागतं. कुणी तसा नियम केलेला नाही. ती बसत नाही, चहा घेत नाही. अकरा ओळी उभ्यानं ऐकते, आणि तिचं ऐकून होईपर्यंत गावात कुणी हंडा भरत नाही.